सोबत्याला सोबत
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



अर्थशास्त्र शिकवण्यात माझी ३५ वर्षे गेली. खर्चाचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन प्रकार मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. त्यातल्या दुसऱ्याचा अर्थ मला पत्नीच्या कर्करोगाच्या उपचारांच्या वेळी रुग्णालयाच्या बाकावर कळला. औषधांच्या पावत्या माझ्याजवळ होत्या. शेजारी बसलेल्या शेतमजूर बाईंच्या बुडालेल्या रोजाची पावती मात्र कोणाजवळच नव्हती. नवऱ्याला घेऊन त्या आल्या होत्या आणि घर सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटली होती.

त्या बाईंनी मला पुष्कळ शिकवले. केमोथेरपी चालू असताना ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. रेल्वेच्या सवलतीत सोबत्याचेही भाडे कमी होते, त्यासाठी दाखला आधीच घ्यायचा. डॉक्टरांनीही हे सांगितले असेल. पण त्या क्षणी ते कानांत शिरले नव्हते. शेवटी त्यांनी विचारले, “काका, तुम्ही जेवलात का?” तोवर मला हे कोणीच विचारले नव्हते.

ही दया नव्हे, हा सहकार आहे. पुढच्याच महिन्यात मी हेच एका नवख्या तरुणाला सांगत होतो. घेणारा येथे लवकरच देणारा होतो. परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे देशभरातून कुटुंबे येतात. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा घेतात, कोणी पदपथावर. भाषा निराळ्या, चिंता एकच. परंतु गावी परतल्यावर हे अनुभवाचे भांडवल विखुरते, आणि पुढचे कुटुंब पुन्हा शून्यापासून सुरुवात करते.

कोणी म्हणेल, लोकांनीच एकमेकांना सावरले तर शासन हात झटकेल. ही भीती निराधार नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ठरावीक उपचारांचा खर्च भागतो. बुडालेल्या मजुरीची भरपाई होत नाही. ती मागणी आपण सोडता कामा नये. पण केरळचा अनुभव पाहा. मलप्पुरम जिल्ह्यात १९९९ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच असाध्य रुग्णांच्या घरी जाण्याचे जाळे उभारले आणि २००८ साली राज्य सरकारने त्या सेवेचे धोरण स्वीकारले. लोकांचे संघटन हा शासनाला पर्याय नव्हे. शासनाला हलवण्याचा तो मार्ग आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी बाजाराच्या दिवशी दोन तास आपले कार्यालय अशा कुटुंबांसाठी उघडे ठेवा. या वाटेने आधी गेलेल्यांना बोलवा. पथ्ये तीन : औषधोपचाराचा सल्ला द्यायचा नाही, ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, आणि पक्षाचे पावतीपुस्तक टेबलावर ठेवायचे नाही.

आणखी एक. रुग्ण गेल्यावर ते घर यादीतून खोडू नका. माझी पत्नी गेली, त्यानंतर महिनाभराने त्याच बाईंचा फोन आला. प्रश्न तोच होता : “काका, जेवलात का?”