पंगतीत कुणाचं नाव पुकारत नाहीत
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास जाणत्या मंडळींनी सांगितला. मी एकाच सालाचं सांगतो. त्या साली माझ्या हातून चूक झाली आणि एका माउलीनं ती माझ्या पदरात घातली.

२०२० साल. कोरोनामुळं पायी वारी बंद. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. आपण घरात. दिंडीची भिशी जमलेली, ज्वारी-तांदळाची पोती देवळात येऊन पडलेली. आणि इकडं गावात हातावर पोट असणाऱ्यांची कामं बंद. गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाया, बाजारात बांगड्या विकणारे, सगळे घरात बसून.

बैठकीत एकजण म्हणला, "हे वारीचं धान्य, देवाचं हाय." तवा आपले विणेकरी आबा म्हणले, "मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार उघडलं. हे तर आपण वारकऱ्यांनीच दिलेलं धान्य." वाद तिथंच मिटला.

मंडपात सतरंज्या टाकल्या. तोंडाला उपरणं बांधून, लांब लांब बसून कामाला लागलो. एका पिशवीत पाच किलो ज्वारी, तीन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, चटणी, गूळ, चहापत्ती आणि साबण. टाळकरी पोरं वजन करायची, म्हातारी माणसं गाठ मारायची. साबण धान्यात ठेवला तर भाकरीला वास लागतो, म्हणून तो निराळा बांधायचा. हे आम्हाला बायांनी शिकवलं.

पिशव्यांवर दिंडीचं नाव छापून आणलं होतं. चाळीस घरांची यादी केली. सकाळी मीच भोंग्यावरून एकेक नाव पुकारलं. आले तेवीस. सतरा पिशव्या तशाच राहिल्या. मला राग आला. म्हणलं, यांना गरज नसंल.

संध्याकाळी त्यातली एक पिशवी घेऊन वेशीजवळच्या एका आक्काकडं गेलो. दर साली डोक्यावर तुळस घेऊन आपल्या दिंडीत चालणारी ही माउली. बघतो तर चूल गार. म्हणलं, "आक्का, आला का न्हाई?" ती म्हणली, "बुवा, वारीत मी तुमच्या पंगतीला बसते. तिथं कुणी माझं नाव पुकारत न्हाई. मग गावात का पुकारलं?"

मला उत्तर सुचलं नाही. मला १९७२ चा दुष्काळ आठवला. आईबरोबर मी खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी मिळायची. तिथं सगळं गाव एका रांगेत, लाज कसली? पण एकदा आई तापानं पडली. मी एका घरी पीठ मागायला गेलो. त्यानं मला ओट्यापुढं उभं करून चार माणसांत नाव, गाव, बाप काय करतो, सगळं विचारलं. पीठ दिलं. पीठ त्याच दिवशी संपलं, ते उभं राहणं अजून संपलं नाही. आणि तेच मी भोंग्यावरून चाळीस घरांना केलं होतं.

त्याच रात्री भोंगा बंद केला. पिशव्या उलट्या करून भरल्या, छापलेलं नाव आत गेलं. यादी आबांच्या खिशात. दिवे लागल्यावर दोघं-दोघं जायचे, पिशवी उंबऱ्यावर ठेवून "रामकृष्ण हरी" म्हणायचे आणि माघारी फिरायचे. फोटो काढायचा नाही. सतरा पिशव्या गेल्या. पुढं मागणी वाढली, दुसरी वस्ती घेतली.

तिसऱ्या दिवशी आक्का देवळात हजर. म्हणली, "मला बी काम द्या." शेवटपर्यंत ती डाळ निवडत बसली. कोण घेणारं आणि कोण देणारं, बघणाऱ्याला कळत नव्हतं. पंगत म्हणतात ती हीच.

माउलींनो, दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. देव विठू होऊन आला, धान्याची रक्कम भरली, पावती घेतली आणि निघून गेला. सत्काराला थांबला नाही.

तेव्हापासून दर साली प्रस्थानाच्या आधी आपण शिधा बांधतो. दुसऱ्या शंभर वर्षांत पोरांनी हे चालवावं, एवढंच मागणं. पिशवी लहान झाली तरी चालंल. पण कुणाला ओट्यापुढं उभं करू नका.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!