मुलांना शिबिराला धाडण्यापूर्वी

श्रोतेहो, पूर्वी आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आजोळ, असा सरळ हिशेब होता. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की मुले मामाच्या घरी जात. आंबे, फणस, करवंदे, दुपारचे पत्ते आणि संध्याकाळचे समुद्रस्नान यांत दीड महिना कसा सरे ते कळत नसे. आता मामाचे घर मुंबईच्या चाळीतून इमारतीच्या नवव्या मजल्यावर गेले आहे आणि मामा-मामी दोघेही कचेरीत जातात. तेव्हा आजोळाची जागा शिबिराने घेतली, यात नवल नाही. पुण्या-कोल्हापूरची मुले आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर शिबिराला येतात आणि मालवणची मुले डोंगरात जातात. ज्याला जे रोज दिसत नाही ते त्याने पाहावे, हे योग्यच आहे.

शिबिरांविषयी माझ्या मनात आकस नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. महाराष्ट्राला शिबिरे नवी नाहीत. १९४१ साली राष्ट्र सेवा दल स्थापन झाले, तेव्हापासून किती मुले या शिबिरांतून स्वतःचे ताट स्वतः घासायला आणि परक्याच्या शेजारी झोपायला शिकली! घरी ज्याला पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो, तो मुलगा शिबिरात चौथ्या दिवशी दहा जणांना वाढतो. हे शिक्षण आम्हा प्राध्यापकांच्या हातून होत नाही. तेव्हा मुलांना पाठवावे की नाही, हा आजचा प्रश्न नाही. पाठवण्यापूर्वी आईबापांनी काय विचारावे, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे एक वाक्य नेहमी ऐकू येते, ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.’ खरे आहे. परंतु हे वाक्य अर्धे आहे. कोकणात मुले विहिरीत पोहायला शिकत, तेव्हा पाठीला सुके नारळ बांधलेले असत, एक काका पाण्यात असे आणि दुसरा काठावर. मूल पाण्यात पडे ते या दोघांच्या नजरेसमोर. काठावरचा माणूस आपण विसरलो आणि ‘पडल्याशिवाय’ तेवढे लक्षात ठेवले.

याचे मोल आमच्या किनाऱ्याने फार जवळून पाहिले आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. महाविद्यालयातली जाणती माणसे होती ती. त्यापूर्वी चौदा महिनेच आधी, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याचे चौदा विद्यार्थी गेले. विशीच्या तरुणांची ही गत, तर बारा वर्षांच्या मुलाची काय कथा?

समुद्र दुष्ट नाही, श्रोतेहो. पण त्याचे नियम आहेत. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी पालटते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी दहाला जिथे गुडघाभर पाणी होते, तिथे चार दिवसांनी दहाला ते छातीला लागेल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. आणखी एक गोष्ट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यात जमते आणि वेगाने आत ओढत नेते. या ओढीच्या जागी लाटा फुटत नाहीत. म्हणून परक्या माणसाला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते! ओढीत सापडलेला किनाऱ्याच्या दिशेने हात मारमारून थकतो आणि बुडतो. त्याने किनाऱ्याला समांतर सरकायचे असते, मग पट्टा संपतो. येथील रापणकरांच्या पोरांना हे ठाऊक आहे. परगावाहून आलेल्या शिबिर-चालकाला ठाऊक असेलच असे नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा, की शिबिरात त्या जागेचा जाणकार माणूस आहे का? दुसरा, मुले किती आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसे किती? साठ मुले आणि चार शिक्षक असे उत्तर आले, तर भागाकार आपणच करावा, आणि त्या चारांतले किती स्वयंपाकाच्या व्यवस्थेत असतात तेही विचारावे. तिसरा, होडीत बसताना प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मिळणार का? मोठ्याचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. चौथा प्रश्न नोंदणीचा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद दाखवा म्हणण्यात कसला संकोच? भाजी घेताना आपण देठ मोडून पाहतो. आणि पाचवा, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि रात्री गाडी कोण काढील?

आता चालकांना आपण काय सांगायचे तेही ऐका. पुष्कळ आईबाप मुलाचे दुखणे लपवतात. दमा आहे, फिट येते, कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात, रात्री अंथरूण ओले होते. हे सांगितले तर मुलाला घेणार नाहीत, अशी भीती. अहो, सांगितले नाही तर मध्यरात्री त्या शिक्षकाने काय करावे? मुलाजवळही एक बोलणे करून ठेवावे. कोणी मोठ्या माणसाने नकोसा स्पर्श केला, किंवा ‘घरी सांगू नकोस’ असे म्हटले, तर ते घरी सांगायचेच. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्याला पाठ असू द्यावा. ज्या शिबिरात मुलाला घरी बोलायला कधीच देत नाहीत, त्याचा पुन्हा विचार करावा. मात्र पहिल्या रात्री मूल रडले म्हणून लगेच गाडी पकडू नये, बरं का! पहिली रात्र सगळेच रडतात. तिसऱ्या रात्री तेच मूल फोनवर यायला कंटाळते.

शेवटी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका शिबिरात मी मदतीला होतो. मुले एकेचाळीस. संध्याकाळी समुद्रावरून परतताना मोजली, तर चाळीस भरली. पुन्हा मोजली, चाळीसच. आम्ही तिघे मोठे होतो आणि पाण्यातून बाहेर येताना दुसऱ्याने मोजली असतील, असे तिघांनाही वाटले होते. पुढची पंधरा मिनिटे मी कशी काढली ते सांगता येत नाही. त्याच्या आईने सकाळी फोनवर विचारले होते, ‘सर, लक्ष आहे ना?’ आणि मी हसून ‘अगदी निश्चिंत राहा’ म्हटले होते. पोरगा सापडला. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला गाढ झोपला होता. त्या होडीचा म्हातारा धनी मला म्हणाला, “सर, पोरां पाण्यात जाताना मोजूक व्हयी, आणि भायर इल्यार परत मोजूक व्हयी.” एवढेच. मला रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून कोणी पालक शिबिराचे छापील पत्रक घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले, की मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. मुलाला काय काय दाखवणार, हे पत्रकावर असते. त्याला मोजणार कोण, हे नसते. तेवढे विचारून घ्या. त्या माणसाचे नाव विचारा आणि जमल्यास निघण्यापूर्वी त्याला भेटा. समाधान झाले, की मुलाची पिशवी भरा, त्याच्या पाठीवर हात ठेवा आणि हसून निरोप द्या. मुलाने पाण्यात पडावे, पोहायला शिकावे. काठावर कोण उभे आहे, हे पाहण्याचे काम मात्र आपले आहे.