गरिबीलाही जात लावली!

(विश्रांतवाडीतील युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय लांबचा नाही, आपल्या उंबऱ्यावरचा आहे. इथून आळंदी रोडनं मेंटल हॉस्पिटलच्या कोपऱ्याकडं गेलात की डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन लागतं. कागदांची पिशवी पोटाशी धरून उभी असलेली पोरंपोरी तिथं तुम्ही पाहिली असतील. बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आज्याची नोंद, 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा रहिवासाचा पुरावा. कशासाठी? तर आपण महार आहोत, मांग आहोत, चांभार आहोत हे सिद्ध करण्यासाठी! गावानं पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, तेव्हा कुणी दाखला मागितला नव्हता. आता त्याच गावचा कागद आणा म्हणतात.

आणि एवढं करून पोरगं कॉलेजात गेलं की कट्ट्यावरचा कुणीतरी म्हणतो, "तुमचं बरंय राव. खरं तर आरक्षण आर्थिक निकषावर पाहिजे. गरीब सगळ्याच जातीत असतात."

वाक्य गोड आहे. आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनाही ते पटायला लागलंय. म्हणून आज ते जरा सोलून बघू.

आर्थिक निकषावरचं आरक्षण आता नुसती मागणी राहिलेली नाही. 8 जानेवारी 2019 ला लोकसभेत विधेयक आलं आणि त्याच दिवशी 323 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभा. 14 जानेवारीला अंमल सुरू. ही 103 वी घटनादुरुस्ती. आता आठवा, मंडल आयोगाचा अहवाल 1980 च्या डिसेंबरात सरकारला मिळाला. व्ही. पी. सिंगांनी घोषणा केली 1990 ला, आणि नोकरीत अंमल आला 1993 ला. ओबीसींच्या फायलीला तेरा वर्षं, हिला एक आठवडा. देशातली फाइल कुणासाठी धावते आणि कुणासाठी लंगडते, ते यातून समजून घ्या.

या दुरुस्तीनं घटनेत 15(6) आणि 16(6) ही कलमं घातली. आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 10 टक्क्यांपर्यंत जागा. पण दुर्बल कोण? ज्यांना आधीच्या तरतुदींचा लाभ आहे ते सोडून बाकीचे. म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी यांतला माणूस कितीही उपाशी असला तरी या कायद्याच्या डोळ्यांनी तो गरीब नाही. पहाटे रस्ता झाडणाऱ्या आपल्या बाईची पोरगी या रांगेत उभी राहू शकत नाही, कारण तिची जात आडवी येते.

बघा गंमत! आमच्या आरक्षणात म्हणतात, जात नको, गरिबी बघा. आणि गरिबीचं आरक्षण काढलं की पहिल्यांदा जात बघतात.

कुणी म्हणेल, तुम्हाला तुमचा वेगळा कोटा आहे की. आहे. पण तो गरिबीचा नाही. तो जातीनं दार बंद केलं म्हणून मिळालेला आहे. गरीब म्हणून जे द्यायचं, ते गरिबाला द्या ना! सिन्हो आयोगानं 2010 ला अहवाल दिला. 2004-05 च्या आकड्यांवरून त्यात दिसतं की दारिद्र्यरेषेखाली अनुसूचित जातींतले 38 टक्के, जमातींतले 48 टक्के, ओबीसींतले 33 टक्के लोक होते, आणि खुल्या वर्गातले 18 टक्के. जिथं गरिबी जास्त, नेमकी तीच माणसं वगळून गरिबीचं आरक्षण केलं.

आणि गरिबीचं माप काय? कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत. म्हणजे महिन्याला साधारण 66 हजार. केंद्राच्या नियमात शेती 5 एकरांच्या आत, फ्लॅट 1000 चौरस फुटांच्या आत. आपल्या वस्तीतली खोली दहा बाय बारा. अशा आठ खोल्या एकत्र केल्या तरी ते घर 'दुर्बल'च ठरतं. उलट, केंद्राच्या 2021 च्या नियमांत अनुसूचित जातीच्या पोराला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी बापाच्या उत्पन्नाची मर्यादा होती अडीच लाख. त्यांचा गरीब 8 लाखांपर्यंत गरीब, आपला गरीब अडीच लाखांवर श्रीमंत!

कोर्टाचंही बघू. नरसिंह राव सरकारनं 1991 लाच असे 10 टक्के जाहीर केले होते. 16 नोव्हेंबर 1992 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं इंद्रा साहनी खटल्यात ते रद्द केले आणि एकूण आरक्षणाला 50 टक्क्यांची भिंत घातली. ती भिंत आम्हाला तीस वर्षं दगडाची म्हणून दाखवली. 7 नोव्हेंबर 2022 ला पाच न्यायमूर्तींनी नव्या कायद्याचा निकाल दिला. तीन विरुद्ध दोन. बहुमतानं कायदा उचलून धरला आणि ही भिंत काही अगदी पक्की नाही म्हणून सांगितलं. सरन्यायाधीश उदय लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी विरोधी मत दिलं. गरिबांतल्याच गरिबांना जातीमुळं वगळणं हे समतेच्या तत्त्वालाच छेद देणारं आहे, हा त्यातला गाभा. तो निकाल वाचा. आपल्या बाजूचं हत्यार आहे ते.

आता मुळाकडं येऊ. आरक्षण म्हणजे रेशनकार्ड नव्हे. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला करवीर संस्थानात निम्म्या जागा राखल्या, त्या धान्य वाटायला नव्हे, एका जातीची कचेरीवरची मक्तेदारी मोडायला. इथून हाकेच्या अंतरावर येरवड्याचा तुरुंग आहे. 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला, तेव्हा गांधीजी तिथं उपोषणाला बसले होते. राखीव मतदारसंघ सगळ्यांना माहीत असतात. पण त्याच करारात सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावं, शिक्षणाच्या अनुदानातून त्यांच्यासाठी रक्कम राखावी, हेही लिहिलंय. शब्द प्रतिनिधित्व आहे, दया नाही. भाकरीचा प्रश्न वेगळा, खुर्चीचा वेगळा. दलित कलेक्टरचा पगार मोठा असतो, तरी त्याला भाड्यानं घर देताना आडनाव विचारतातच.

मग गरीब सवर्णाचा आपण द्वेष करायचा? मुळीच नाही! 1973 च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित या शब्दात भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे घेतले होते. कर्जात बुडालेल्या मराठ्याचा पोरगा, पूजा सांगून पोट भरणाऱ्या भटजीचा पोरगा आपला शत्रू नाही. त्याला काय पाहिजे? फी माफी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, शेतमालाला भाव, हाताला काम. ते द्यायचं नाही म्हणून त्याच्या हातात 10 टक्क्यांचा कागद दिला. नोकऱ्याच कंत्राटावर गेल्या तर 10 टक्के कशाचे? सप्टेंबर 2023 ला महाराष्ट्र सरकारनं खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. पोरं खवळली, ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. लक्षात ठेवा, त्या रागात सगळ्या जातींची पोरं होती. एकी तिथं झाली, कट्ट्यावरच्या वादात नाही.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. गरिबीच्या आरक्षणातून दलित-आदिवासी-ओबीसी गरिबांना वगळू नका. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा त्यांच्या 8 लाखांना नेऊन भिडवा. कंत्राटी भरती बंद करा, खासगी कंपन्यांत आरक्षण आणा. 30 एप्रिल 2025 ला केंद्रानं जनगणनेत जात मोजायचं ठरवलंय. ती मोजणी नीट करा आणि आकडे लोकांपुढं ठेवा. कोण किती आणि कुणाच्या ताटात किती, हे एकदा उघड होऊ द्या!

उद्या कट्ट्यावर तो मित्र पुन्हा म्हणेल, "आर्थिक निकष पाहिजे." त्याच्याशी भांडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि एवढंच विचारा, "बरं. मग माझी गरिबी तुझ्या कायद्यात का बसत नाही?" उत्तर द्यायला त्याला वेळ द्या. ते उत्तर शोधताना तो आपल्या बाजूला येण्याची शक्यता आहे.

जय भीम!