दहा मीटरवरचं टिंब

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषयही दिला, ‘नेमबाजीची सुरुवात कशी करावी?’ माझं नाव पुकारल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, “अगं, तुला तर लंगडीतही कुणाला बाद करता यायचं नाही!” खरंच आहे ते. पण नेमबाजीत धावावं लागत नाही. एका जागी स्थिर उभं राहावं लागतं. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी मी एका क्लबात नवशिक्यांना तेवढंच शिकवते. मी मोठी खेळाडू नाही, त्यामुळे सुरुवातीबद्दलच बोलेन.

आमच्याकडे येणारी मुलं मोबाइलवर एक खेळ पाहून येतात. त्याला मल्टिगन म्हणतात. खेळाडू धावत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, कधी रायफल, कधी पिस्तूल, कधी शॉटगन चालवतो आणि घड्याळ चालू असतं. मुलं म्हणतात, “बाई, हे शिकवा.” मी सांगते, बाबांनो, आपल्याकडे काडतुसाच्या बंदुकीच्या परवान्यासाठी साधारणपणे वय २१ पूर्ण लागतं, आणि २०१९च्या कायदेदुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. नामांकित खेळाडूंना सवलत आहे, पण आधी नामांकित व्हावं लागतं! शेलूच्या मुलासाठी खरा दरवाजा एकच, तो म्हणजे दहा मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल, तर त्या बंदुकीला परवाना लागत नाही. जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक आपण सगळ्यांनी हातात घेतली आहे. ही तिचीच शिकलेली बहीण.

या दरवाजातून कोण कोण गेलं ते पाहा. अंजली भागवत मुंबईत कॉलेजात असताना एनसीसीमुळे या खेळाकडे वळल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४००पैकी ४०० गुण केले, म्हणजे चाळीसही छर्रे दहाच्या टिंबात. त्याच सुमाताई आपल्या रायगड जिल्ह्यात, पनवेलला मुलांना घडवतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोला एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आणि स्वप्नील कुसळे! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा शिक्षकाचा मुलगा, तेव्हा आपल्याच मध्य रेल्वेत टीसी होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्यानं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक महाराष्ट्रात यायला ७२ वर्षं लागली. त्याचा प्रकार ‘थ्री पोझिशन’चा. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा. मल्टिगनमध्ये बंदुका बदलतात, इथे बंदूक तीच राहते आणि माणूस बदलतो.

आता सुरुवातीचं. पहिल्या दिवशी मी छर्रा देतच नाही. पाय खांद्याइतके फाकवून, लक्ष्याला बाजू देऊन उभं राहायचं. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे रायफलीचा भार हाडं पेलतात, स्नायू थकत नाहीत. स्पर्धेतली रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ती साठ वेळा उचलायची आहे हे लक्षात ठेवा. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून नळी कुठे बघतेय ते पाहायचं. ती डावीकडे गेली असेल, तर हातानं ओढायची नाही, पाय सरकवायचे. ओढलेली नळी चाप दाबताक्षणी परत आपल्या जागी जाते.

दुसरी गोष्ट नजरेची. मागच्या बारीक भोकातून पाहिलं की पुढची कडी दिसते. त्या कडीत लक्ष्याचं काळं वर्तुळ असं बसवायचं, की भोवतालची पांढरी किनार सगळीकडून सारखी दिसेल. नजर कडीवर ठेवायची, लक्ष्य थोडं पुसट दिसलं तरी चालेल. तिसरी गोष्ट श्वासाची. अर्धा सोडून थांबायचं आणि तेवढ्यात बोटाच्या पहिल्या पेरानं चाप सरळ मागे दाबत न्यायचा. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. नवशिक्याला हीच गोष्ट सगळ्यात जड जाते. त्याला वाटतं, एवढं उचललंय तर मारूनच टाकू. आणि गोळी सुटल्यावरही दोन सेकंद तसंच बघत राहायचं. दहाचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून उचला, एवढं.

छऱ्याविना हा सराव रोज वीस मिनिटं केला, तर महिन्याभरात मूल उभं राहायला लागतं. एका पालकानं मला सांगितलं, “बाई, पोरगा आता जेवतानाही पाय हलवत नाही.”

शिस्तीबद्दल सांगते, कारण जोशात सगळ्यात आधी तीच सुटते. नळी कायम लक्ष्याच्या दिशेनं. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. ‘स्टॉप’ म्हटलं की रायफल खाली आणि नळीत केशरी सुरक्षा-दोरी. छर्रे शिशाचे असतात, म्हणून डबा उघडायच्या आधी साबणानं हात धुवायचे. आणि पाखरावर नेम धरायचा नाही. उल्हास नदीच्या काठी गलोल घेऊन हिंडलेले या सभागृहात बरेच जण आहेत. त्यांनी हे नातवंडांना आवर्जून सांगावं. १९७२चा वन्यजीव कायदा आहेच, पण ज्याला जिवंत गोष्टीवर नेम धरायची सवय लागली, त्याच्या हातात मी रायफल देत नाही.

आता थोडं कडू बोलते. आपल्याच पट्ट्यातली एक दहावीची मुलगी आमच्याकडे आली. घरी काही सोय नव्हती. क्लबाची रायफल, दुसऱ्याचं जाकीट. दहा महिन्यांत ती साठ छऱ्यांत ५८०च्या पुढे गेली. साठही अगदी मधोमध बसले तर ६५४ होतात, यावरून अंदाज घ्या. पण सरावाला जाताना दोनदा गाडी बदलायची, येताना अंधार. स्टेशनपासून वाडीपर्यंत तो रस्ता. तिच्या वडिलांनी एक दिवस येऊन हात जोडले आणि म्हणाले, “बाई, आता पुरे.” मी त्यांना दोष देत नाही. सातनंतर त्या रस्त्यानं माझी मुलगी एकटी यावी, असं मलाही वाटलं नसतं. तिचा नेम चुकला नव्हता. तिच्यासाठी लक्ष्य दहा मीटरवर होतं, पण लक्ष्यापर्यंतचा रस्ता फार लांब होता.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गणीतून प्रवेशद्वाराला कमान बांधायची सूचना आली आहे. कमान जरूर व्हावी, पण थोडी साधी व्हावी. उरलेल्या पैशांतून शाळेच्या जुन्या हॉलमध्ये दोन पट्ट्यांची रेंज करू या. उभं राहायच्या रेघेपासून दहा मीटर, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, मागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, त्या बाजूला दार-खिडकी नाही, आणि लक्ष्यावर चांगला उजेड. सुरुवातीला देशी बनावटीच्या दोन एअर रायफली पुरेत. परदेशी स्पर्धा-रायफल लाखांत जाते. तिचा विचार मूल जिल्ह्याबाहेर खेळायला लागलं की करू.

चहाच्या वेळी आपल्या सरांनी मला विचारलं, “अगं, विद्येच्या मंदिरात बंदूक आणायची?” सर, तुमचा प्रश्न मोठा आहे आणि मी तो टाळणार नाही. रायफली कुलपात राहतील, छऱ्यांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय कुलूप उघडणार नाही. संस्थेची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि पोलीस ठाण्याला कल्पना, हे तिन्ही आधी. देशातल्या रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. सभागृहात सगळ्यांना शांत बसवणाऱ्या माणसाला हा खेळ जवळचा वाटला, यात मला तरी नवल वाटत नाही. इतकं करूनही तुमचं मन तयार झालं नाही, तर आम्ही थांबू. पण आधी एका शनिवारी या आणि एखाद्या मुलाला त्या रेघेवर उभं असताना पाहा. वर्गात ज्याला तुम्ही दहादा “गप्प बस” म्हणालात, तोच तिथे तासभर गप्प असतो.

शनिवार-रविवारचे दोन-दोन तास मी देईन. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आपल्या दोन मित्रांनी कुलपाची जबाबदारी घ्यायची तयारी दाखवली आहे. बाकीचं तुमच्या हातात आहे. ती मुलगी आता बारावीला आहे. शाळेत रेंज झाली, तर तिला संध्याकाळी घरी जायला दहा मिनिटं लागतील. मी तिला विचारलंय. ती म्हणाली, “बाई, जाकीट अजून मला येतं.”