पाथरीच्या कुळकर्ण्यांचे राजघराणे

युरोपात ज्याला ड्यूक म्हणत, त्या तोडीचा सरदार बहमनी राज्यात तरफदार असे. असा एक तरफदार, मलिक हसन बहिरी, आपल्या पाथरीच्या कुळकर्ण्यांपैकी. फिरिश्ता त्याचे मूळ नाव तिमाभट देतो. बाप भैरव, म्हणजे भैरूचेच पुढे बहिरी झाले. पूर्वज विजयनगराकडे गेलेले. तिकडच्या स्वारीत पोर पकडले गेले, बाटवले गेले आणि शहजाद्याच्या संगतीत फारशी शिकले. पुढे तेलंगणची तरफ मिळाली. 1481 मध्ये महमूद गावानासारख्या कर्त्या वजिराचा जीव गेला, त्या कारस्थानात हा होता. आणि 1486 मध्ये बेदरला याचाही खून झाला. मुलगा अहमद 1490 मध्ये स्वतंत्र झाला. तीच निजामशाही.

आम्हांला खरे नवल वाटते ते नातू बुऱ्हाणाचे. धर्म बदलला, तख्त मिळाले, पण वतन काही सुटेना! पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बदली मुलूख घ्या, पण पाथरी द्या, असे त्याने सांगून पाहिले. नकार येताच 1518 मध्ये फौज पाठवून गाव घेतले, आणि तिथल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम करून दिले.