रात्री नऊची गोळी
(१९९५च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर तिघांनी सांगितलं, "रक्त पातळ करायची गोळी सुरू झालीय." त्यावर लसूण, आलं, अर्जुनाची साल असे फॉरवर्ड धडाधड आले. एकाने तर गोळी बंदच करून टाक म्हणून सल्ला दिला. म्हणून संयोजकांनी मला उभं केलंय. मी डॉक्टर नाही, पण ही गोळी २००३ पासून रोज घेते, म्हणजे या विषयात वर्गात मी सीनियर.

पी.टी.च्या तासाला मी पायरीवर बसायचे ते आठवत असेल. सहावीत घसा धरला, ताप आला, मग गुडघे-घोटे सुजले. संधिवाताचा ताप. सांधे बरे झाले, हृदयाची झडप मात्र आकसत गेली. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेऊनही तेविसाव्या वर्षी ती बदलावी लागली. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर आयुष्यभर गोळी नको, पण तरुण वयात ती लवकर झिजते. धातूची टिकते, पण गोळी कायमची. मी धातूची घेतली. रात्री पंखा बंद असला की तिची टिकटिक मला ऐकू येते.

धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात, झडपेतच अडकली तर जीवावर. गोळी त्यासाठी. आणि रक्त पातळ-बितळ काही होत नाही हो! यकृत 'के' जीवनसत्त्व वापरून रक्त गोठवणारे काही घटक बनवतं, ते काम ही गोळी मंदावते. रक्त तेवढंच दाट राहतं, गोठायला वेळ लावतं.

या गोळीच्या घराण्याची गोष्ट आजच्या दिवशी सांगायलाच हवी. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेलं वाळलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठलेल्या रक्ताचा कॅन घेऊन बर्फातून थेट विद्यापीठात धडकला. तिथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षांनी त्या गवतातलं द्रव्य शोधलं, आणि पुढे त्यातूनच वॉरफरिन बनलं. १९४८ साली ते बाजारात आलं ते उंदीर मारायला! माणसांसाठी १९५४ पासून. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकारानंतर तेच दिलं. नावातला 'वॉर्फ' म्हणजे विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन, म्हणजे त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची संस्था. आपण आत्तापर्यंत शाळेला फक्त एक वॉटर कूलर दिलाय. असो.

मी घेते ती अॅसिट्रॉम, वॉरफरिनचीच चुलत बहीण. तिचा डोस रक्ताच्या आयएनआर तपासणीवर ठरतो. साधारण माणसाचा आकडा १च्या आसपास, माझा २.५ ते ३.५ मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. सुरुवातीला ऐरोलीला रेल्वेही नव्हती. पुलावरून बसने मुलुंड, तिथून लोकलने परळ, असा तपासणीचा दिवस जायचा. आता सेक्टरमधल्या लॅबमध्ये सकाळी रक्त, संध्याकाळी रिपोर्ट, आणि रात्री नऊला डॉक्टरांनी सांगितलेली गोळी.

पथ्याबद्दल सगळे एकच विचारतात, मेथी-पालक बंद का? बंद नाही, पण प्रमाण सारखं हवं. पालेभाजीत 'के' भरपूर असतं. थंडीत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या म्हणून आठवडाभर मेथीच खाल्ली तर आकडा खाली येतो. उलट नवरात्राचे नऊ दिवस साबुदाण्यावर काढले तर वर चढू शकतो. माझ्या सासूबाईंनी हे ऐकून आमच्या घरी पालेभाजीचे वारच ठरवून टाकले. सोमवार आणि गुरुवार. पाहुणे आले तरी बदल नाही.

आता जे फॉरवर्डमध्ये येत नाही ते. मुलींनो, पाळीत रक्तस्राव वाढतो. लाजून गप्प बसू नका, त्यावर उपाय असतात. आणि गरोदरपण. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी गर्भाला इजा करू शकते, म्हणून आधीच ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीत, हेपरिनच्या इंजेक्शनवर जावं लागतं. ते वारेतून बाळाकडे जात नाही. पोटावर रोज दोनदा टोचून घेतलं. माझा मुलगा २००९चा, यंदा बारावी झाली.

लग्न ठरताना आईने पहिल्याच भेटीत गोळीचं सांगून टाकायचा हट्ट धरला. तीन ठिकाणांहून नकार आला. चौथ्याने विचारलं, "मग जेवणात काय टाळायचं?" तो मागच्या रांगेत बसलाय. आईचा हट्ट तेव्हा जाचक वाटायचा. पण हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या घरच्यांनी हे लपवलं होतं. सासरी कुणी बघेल म्हणून तिने महिनाभर गोळी घेतलीच नाही. वर्षाने ओपीडीत भेटली तेव्हा तिचा उजवा हात लुळा होता आणि माझं नाव तिला उच्चारता येत नव्हतं. मला ती ओळखत होती, हे डोळ्यांवरून कळत होतं.

तुमच्यापैकी कुणाला स्टेंटनंतर अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ती वेगळी औषधं, त्यांना आयएनआर लागत नाही. अॅपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांनाही नाही, पण त्यांचा असर दिवसभरातच ओसरतो, तेव्हा डोस चुकवायचा नाही. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. कोणतीही असो, दात काढायचा असो की गुडघेदुखीवर गोळी घ्यायची असो, आधी सांगायचं. ब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी आपल्या मनाने नाही. पोट बिघडलं की आपण सर्रास घेतो ती मेट्रोजिलसुद्धा आयएनआर चढवते. डोक्याला मार लागला, काळी शौच झाली, तोंड वाकडं झालं, तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

माझ्या पाकिटात एक कार्ड असतं. नाव, झडप, गोळी, डोस, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. त्याच्या कोऱ्या वीस झेरॉक्स आणल्यात, बाईंच्या टेबलावर ठेवते. जेवणाआधी घेऊन जा.