मेंदूच्या देवडीवरील द्वारपाल
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमात रसायनशास्त्रावरील भाषण घालण्याचे धाडस आपल्या चिटणिसांनी केले, याबद्दल त्यांचे आभार मानावेत की आपणा सर्वांची क्षमा मागावी, हे आम्हास समजत नाही. विषय सुचला तो दोन प्रश्नांवरून. एका भगिनीने आम्हास विचारले की, वर्गात क्षणभरही स्वस्थ न बसणाऱ्या त्यांच्या मुलास डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट नावाची गोळी दिली आहे. ती कोकेनच्या कुळातील आहे असे कोणी सांगितल्यावरून घरातील वडीलधाऱ्यांनी ती बंद करविली. हे योग्य झाले काय? दुसरा प्रश्न एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी तीच गोळी मित्राकडून घेतली, तर बिघडले कोठे? एका घरी भीतीचा अतिरेक, दुसरीकडे तिचा लवलेश नाही. आणि दोन्ही प्रश्न मेंदूतील एकाच प्रथिनापाशी येऊन थांबतात.

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो दोघींमधील अतिसूक्ष्म फटीत एखादे रसायन सोडून. अशा रसायनांपैकी डोपामिन हे एक. हालचालीची सहजता, कामाची उमेद, एखादी वस्तू हवीशी वाटणे, या सर्वांत त्याचा हात आहे. त्याचे हे स्वतंत्र कार्य १९५७ च्या सुमारास स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी दाखवून दिले. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निरोप पोचल्यावर ते रसायन फटीतून दूर झाले पाहिजे, नाहीतर जुना निरोपच घुमत राहील. अशी रसायने पेशी परत आत ओढून घेतात, हा शोध अमेरिकेचे ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी डोपामिनच्या एका भावंडावर, म्हणजे नॉरॲड्रिनॅलिनवर, प्रयोग करून लावला. डोपामिन परत घेणारे प्रथिन म्हणजेच डोपामिनवाहक. त्याची साखळी ६२० ॲमिनो आम्लांची असून ती पेशीच्या आवरणातून १२ वेळा आरपार जाते. १९९६ साली हा वाहक मुळातच नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांच्या मेंदूत डोपामिन निदान शंभरपट अधिक काळ रेंगाळते आणि ते उंदीर अखंड धावत सुटतात, असे दिसून आले.

जुन्या वाड्याची देवडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना या वाहकाची रचना चटकन ध्यानी येईल. बाहेरचे दार उघडे असता आतले बंद, आणि आतले उघडले की बाहेरचे बंद. मध्ये एक बैठक, तिच्यावर डोपामिनने बसावयाचे. परंतु दारे फिरविण्यास बळ हवे, आणि ते बळ देतात आयन, म्हणजे विद्युत्भार धारण करणारे कण. पेशीबाहेर सोडियम आतल्यापेक्षा सुमारे दसपट असतो. उतारावरील पाणी खाली धावावे तसा तो आत धाव घेतो. डोपामिनच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन व क्लोराइडचा एक आत शिरतो. आपल्या आमटीतील मिठाचेच हे दोन घटक! (म्हणून मीठ अधिक खाल्ल्याने उमेद वाढेल असे मात्र कोणी समजू नये, रक्तातील मिठाचे प्रमाण मूत्रपिंडे मोठ्या कसोशीने सांभाळीत असतात.) जस्ताचा आयन वाहकाच्या बाहेरील अंगास चिकटून दारे फिरण्यास अटकाव करतो, हेही आढळून आले आहे.

आता औषधांकडे वळू. कोकेन देवडीत शिरून डोपामिनच्याच बैठकीवर ठाण मांडते आणि बाहेरचे दार मिटू देत नाही. मानवी वाहकात कोकेन नेमके कसे बसते याचे चित्र २०२४ साली प्रसिद्ध झाले. डोपामिन बाहेरच खोळंबते व फटीत साचत जाते. ॲम्फेटामिनची तऱ्हा वेगळी. ते डोपामिनचे सोंग घेऊन आत जाते, आतील कोठारे रिकामी करविते आणि वाहकालाच उलट दिशेने चालविते. मग डोपामिन आतून बाहेर लोटले जाते. पहिल्याने दार अडविले, दुसऱ्याने घर लुटले.

मिथाइलफेनिडेट हेदेखील दार अडविणारेच आहे. तेव्हा त्या वडीलधाऱ्यांना मिळालेली माहिती अगदीच खोटी नव्हती. पण ती अपुरी होती. अमेरिकेत नोरा व्होल्को आणि त्यांचे सहकारी यांनी जिवंत मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखविले की, तोंडावाटे घेतलेल्या उपचाराच्या मात्रेने निम्म्याहून अधिक वाहक अडविले जातात, तरीही नशा चढत नाही. कारण हा परिणाम सावकाश, तासाभराने वा अधिक वेळाने शिगेस पोचतो. ओढलेले किंवा शिरेतून घेतलेले कोकेन काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत तेथे जाऊन थडकते. नशेचे मूळ या वेगात आहे. त्या भगिनीस आम्ही सांगितले की, गोळी चालू ठेवावयाची की नाही हे त्याच डॉक्टरांशी बोलून ठरवावे, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नव्हे. विद्यार्थ्यास सांगितले की, हीच गोळी कुटून नाकाने ओढली तर वेगाचा हा सारा फरक नाहीसा होतो. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत तिचे नाव आहे, मित्राकडून घेणे तेथेही बसत नाही.

अनोळखी हातून घेतलेल्या रसायनाने काय घडू शकते याचे उदाहरण कॅलिफोर्नियात १९८२ साली मिळाले. हेरॉइनऐवजी चोरट्या बाजारातील कृत्रिम माल टोचून घेणारी काही तरुण माणसे थोड्याच दिवसांत पुतळ्यासारखी ताठरली. म्हातारपणीचा कंपवात भर तारुण्यात! त्या मालात एमपीटीपी नावाची भेसळ होती. मेंदूत तिचे रूपांतर एका धनभारित आयनात होते आणि डोपामिनवाहक त्यालाच आपला समजून आत घेतो. शिरलेला आयन ती पेशीच मारून टाकतो. इतर पेशींना हे दार नाही, म्हणून त्या बहुतांशी वाचतात.

कंपवाताच्या निदानातही हा वाहक उपयोगी पडतो. आपल्या देशात ट्रोडॅट नावाची तपासणी होते. कोकेनच्याच सांगाड्यावर बेतलेल्या रेणूला किरणोत्सर्गी टेक्नेशियम जोडून तो शिरेतून देतात. तो वाहकांवर बसतो आणि मेंदूच्या चित्रात वाहक उरले आहेत किती, हे दिसते. कंपवातात ते घटलेले असतात. हात नुसताच थरथरणाऱ्या वृद्धात बहुधा शाबूत असतात. मात्र रोगी मिथाइलफेनिडेट किंवा नैराश्यावरील बुप्रोपिऑन घेत असेल, तर बैठका आधीच अडलेल्या असल्यामुळे चित्र फसवे येऊ शकते. मनाच्या आजाराची औषधे सोयरिकीच्या धास्तीने पाहुण्यांपासून लपविणारी घरे आपल्यात कमी नाहीत; परंतु तपासणीच्या टेबलावर तीच लपवाछपवी रोग्यास भोवते. घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे कोणती गोळी किती दिवस थांबवावयाची हे तेच सांगतात.